चंबळेच्या अलीकडे

माझे आईवडील सोडले तर मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो भूगोलकाकांचा. हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात दाना ओली नावाची दाटीवाटीची गल्ली आहे. तिथले दूधवाले, किराणावाले, शाळेत जाणारी पोरं, सगळे त्यांना ‘भूगोल सर’ म्हणायचे. आम्ही दोघंही मराठी, म्हणून माझ्यापुरते ते भूगोलकाका झाले. त्यांच्या घरातली वरची खोली मी भाड्यानं घेतली होती. कॉलेजात जन्मभर भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते. नद्या, वारे, खिंडी, बंदरं, सगळं तोंडपाठ. आणि हा माणूस कधीही चंबळ नदी ओलांडून पलीकडे गेला नव्हता.

चंबळ काही लांब नाही. ग्वाल्हेरहून दिल्लीकडे निघालेली गाडी मुरैना सोडते आणि थोड्या वेळानं पूल लागतो. लोक सकाळी जातात, संध्याकाळी परत येतात. काका नाहीत. त्यांचे सगळे प्रवास दक्षिणेकडे, झाशी, सागर, फार तर भोपाळ. विद्यार्थ्यांना हिमालय दाखवला तो फळ्यावर, रंगीत खडूंनी. काकूंचं माहेर सागरचं. त्या हसत सांगायच्या, “आमचं गाव चंबळेच्या अलीकडे, म्हणून हे लग्न झालं. आग्र्याचं एक चांगलं स्थळ ह्यांनी नुसता पत्ता वाचून परत पाठवलं होतं.”

“पत्ता हा माणसाचा पहिला गुण असतो,” काका म्हणायचे.

मी पांढुर्ण्याचा. माझे वडील संत्र्यांच्या पेट्या ट्रकवर चढवायचं काम करतात. शिक्षण मराठी शाळेत झालं. आमच्या घरात मी पहिला पदवीधर, आणि पुढे शिकायला ग्वाल्हेरला आलो. खोली बघायला गेलो त्या दिवशी काका दारातच खुर्ची टाकून बसले होते.

“कुठले?”

“पांढुर्ण्याचा.”

“पांढुर्णा. जाम नदी. संत्री. काळी जमीन. या. चप्पल पश्चिमेला काढा.”

पश्चिम कुठे ते मला कळेना. मी चपला हातात घेऊन उभा राहिलो. आतून काकू ओरडल्या, “अरे, उजव्या हाताला! ह्यांच्या नादी लागशील तर चहासुद्धा मिळणार नाही.”

त्या घरात डावं-उजवं नव्हतंच. साखर ईशान्येच्या फळीवर असायची, पाण्याचा माठ आग्नेयेला. काका माणसांना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी ‘पांढुर्णा’. काकू ‘सागर’. भांडी घासायला येणारी बाई ‘दतिया’. त्यांना माझं खरं नाव माहीत होतं की नाही याची मला आजही खात्री नाही. उत्तरेच्या भिंतीत एक खिडकी होती, तिच्यापुढे पुस्तकांचं कपाट उभं केलेलं. काकूंनी उन्हाळ्यात वारा येत नाही म्हणून तक्रार केली तर ते म्हणायचे, “तिकडून वारा येत नाही, नदीची हवा येते.” मला हे सगळं तेव्हा गमतीचं वाटायचं.

काकांचा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा. एका वाहिनीवर रेल्वे प्रवासाचा कार्यक्रम लागायचा. डोंगरातून, जंगलातून, समुद्राच्या काठानं जाणाऱ्या गाड्या, देशातल्या आणि परदेशातल्या. इंजिनाच्या पुढच्या काचेतून घेतलेलं चित्र, मध्येच एखाद्या जुन्या स्टेशनाची हकीकत, हिंदीतून निवेदन. त्याला जोडूनच गावोगावच्या इतिहासाचा कार्यक्रम. हे दोन्ही बघणं म्हणजे काकांच्या लेखी टीव्ही बघणं नव्हतं. गावाला जाणं होतं. ते धुतलेला सदरा घालायचे, बर्फाचा प्रदेश असेल तर स्वेटर. काकू त्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवायच्या. रविवारी दशम्या आणि लसणाची चटणी पितळेच्या डब्यात भरलेली. रोज दशम्या करायला काकूंनी साफ नकार दिला होता, “मी काय धर्मशाळा उघडून बसले आहे?” म्हणून बाकीच्या दिवशी फुटाणे.

मग काका गॅलरीत जाऊन समोरच्या किराणावाल्याला सांगायचे, “निकल रहे हैं।”

“आज कहाँ की सवारी है, भूगोल सर?”

“स्वित्झर्लंड।”

“अच्छा है। लौटते में दही का बर्तन भिजवा दीजिएगा।”

खोलीतला दिवा बंद व्हायचा. पडद्याजवळची वेताची खुर्ची म्हणजे खिडकीची जागा, ती काकांची. मी भिंतीशी, दिव्याच्या बटणाजवळ. माझ्याकडे एक काम होतं. पडद्यावर बोगदा आला की दिवा लावायचा आणि गाडी बाहेर पडली की बंद करायचा. काका लहानपणी ज्या छोट्या गाडीनं हिंडले त्या गाडीत म्हणे एक म्हातारा गार्ड होता, अंधारून आलं की डब्याडब्यात कंदील द्यायचा. ग्वाल्हेरहून श्योपूरकडे जाणारी ती छोटी लाइन आता बंद झाली. काकांची ती फार लाडकी. का ते मला उशिरा उमगलं. ती गाडी कितीही लांब गेली तरी चंबळेच्या अलीकडेच राहायची.

इतिहासाच्या कार्यक्रमात ते निवेदकाशी भांडायचे. “अरे बाबा, तो दरवाजा पूर्वेला नाही! होकायंत्र तरी घेऊन जायचं!” मग माझ्याकडे वळून, “पांढुर्णा, लक्षात ठेव. इतिहास म्हणजे वाहून गेलेला भूगोल. आधी जमीन बघ, मग राजा बघ.”

मी या घरात माणूस कसा झालो ते सांगतो. वर्गात उभं राहून बोलायची वेळ आली की माझा आवाज जायचा. अक्षरशः जायचा. तोंड उघडलं तर हवा यायची फक्त. माझं हिंदी तुटकं, इंग्रजी त्याहून. पोरं हसायची नाहीत, तेच जास्त लागायचं, ती दुसरीकडे बघायची. एकदा वर्गातल्या सादरीकरणातून मी तसाच खाली बसलो आणि घरी येऊन काकूंना सांगितलं की मी पांढुर्ण्याला परत जातो. काकूंनी पोळी वाढता वाढता काकांकडे पाहिलं. काका जेवत राहिले. संध्याकाळी गाडी सुरू झाल्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“आता तू सांग.”

“काय सांगू?”

“दिसतं ते. मी प्रवासी आहे, डोळे मिटून बसलो आहे. मला दाखव.”

“काका, मला नाही जमणार.”

“जमवायचं नाही. दिसतं ते बोलायचं. भीतीला कान असतात, डोळे नसतात. तू बोलत राहिलास की ती ऐकत बसते, आणि मग मागे राहून जाते.”

मी म्हणालो, डोंगर आहे. ते म्हणाले, कसला? मी म्हणालो, हिरवा. ते म्हणाले, झाडांनी की गवतानं? असं सुरू झालं. काही महिने मी मराठीत बोललो, मग हिंदीत, मग अडखळत इंग्रजीत. काकू मध्येच टोमणा मारायच्या, “ह्याच्या इंग्रजीत गाडी फार हळू चालते हो.” पण चालली. मी भूगोल विषय घेऊन एम.ए. झालो, पुढे केंद्रीय शाळांत शिक्षक व्हायची परीक्षा दिली, मुलाखतीत पाच माणसांसमोर बसलो आणि बोलत राहिलो. त्यांच्या मागच्या खिडकीतून एक निंबाचं झाड दिसत होतं. आधी मनात त्याचं वर्णन केलं, मग उत्तर दिलं.

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी ती आनंदानं लिहिली असती.

निकालाची वाट बघत होतो त्या दिवसांतली गोष्ट. इतिहासाच्या कार्यक्रमात ग्वाल्हेर दाखवणार होते. काकूंनी शेजारणींना बोलावलं होतं. पडद्यावर सुरुवातीला निवेदन नव्हतंच, नुसती सतार आणि बाजारातली गर्दी. सराफा बाजार. आमच्या घरापासून चालत जायचा रस्ता. काकू रोज ज्या नळाजवळून भाजी घेऊन येतात तो नळसुद्धा दिसला. काका खुर्चीत पुढे झुकून बघत होते. म्हणाले, “छान आहे. जयपूर का हे?”

सगळ्या बायका हसल्या. काकूही हसल्या. “भूगोल सर मज़ाक बहुत करते हैं,” एक जण म्हणाली. काकाही मग हसले, पण जरा उशिरा. मी भिंतीशी बसलो होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. काका असली थट्टा करत नसत. ठिकाणाच्या बाबतीत ते कधीच थट्टा करत नसत.

त्यानंतर मी त्यांच्याकडे बघू लागलो, आणि बघणं बंद करता येईना. ते कपाकडे हात नेताना आधी टेबलाची कड शोधायचे. जिन्यावर पायानं पायरी चाचपायचे. ‘साखर ईशान्येला’ म्हणणाऱ्या माणसाला वस्तू नेमकी कुठे आहे हे माहीत असलं म्हणजे पुरतं, दिसावी लागत नाही. घर त्यांना पाठ होतं.

मग तो दिवस आला. त्या संध्याकाळी घाटातल्या गाडीचा जुना भाग पुन्हा लागणार, असं सकाळी टीव्हीवर सांगितलं होतं. काकांनी तो अनेकदा पाहिलेला. डोंगर, दरी, पूर्वेला धबधबा, मग लांबलचक बोगदा. वाहिनीनं ऐन वेळी भाग बदलला. आवाज बंद होता, कारण मुलाखतीनंतरही आमचा तो नेम सुटला नव्हता. पण त्या दिवशी काका म्हणाले, “आज तू विश्रांती घे, हा भाग मला येतो. मीच सांगतो.”

पडद्यावर समुद्र होता. उन्हानं चमकणारा, काठावर नारळ, कोळ्यांच्या होड्या. काका सांगत होते, “आता चढ लागला. गाडीला मागून दुसरं इंजिन जोडलंय. खाली दरी बघ, केवढी! पूर्वेला धबधबा.” त्यांचा चेहरा पडद्याच्या निळ्या उजेडात उजळला होता. काकू दारात उभ्या होत्या, हातात फुटाण्यांची वाटी. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग माझ्याकडे.

“बोगदा आला,” काका म्हणाले. “दिवा!”

मी दिवा लावला.

खोलीत लख्ख उजेड पडला आणि पडद्यावर तेवढाच लख्ख समुद्र. काका बोगद्यातून बाहेर येईपर्यंत शांत बसून राहिले. मग म्हणाले, “झालं. बंद कर.” मी बंद केला. काकूंच्या हातातले फुटाणे फरशीवर सांडले आणि त्या टपटप आवाजानं काका दचकले. “काय झालं?”

“काही नाही,” काकू म्हणाल्या. “गाडी जोरात हलली.”

स्वयंपाकघरात गेल्यावर त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. “मला शंका येऊन राहिली होती रे. पण विचारलं की ओरडायचे. म्हणायचे, चष्म्याला धूळ आहे.”

मी म्हणालो, “काकू, ते मला बोलायला लावायचे. आवाज बंद करून. ते माझ्यासाठी होतं की त्यांना दिसत नव्हतं म्हणून?”

काकूंनी पदरानं डोळे पुसले. “दोन्ही असेल. सुरुवातीला तुझ्यासाठीच होतं, हे मी शपथेवर सांगते. मग त्यांना सवय झाली. तू बोलायचास तेव्हा त्यांना दिसायचं.”

ग्वाल्हेरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही त्यांना जवळजवळ ओढत नेलं. तपासणी फार वेळ चालली. डॉक्टर मृदू बोलणारे होते. “मोतियाबिंद भी है, काला मोतिया भी। मास्टर साहब, आपने बहुत देर कर दी।”

काका म्हणाले, “गाड़ी लेट है, रद्द तो नहीं हुई?”

“रद्द नहीं हुई। पर अब एक दिन भी मत रुकिए।”

मोतीबिंदू काढता येईल, पण काचबिंदूनं जेवढी नजर नेली ती परत मिळणार नाही. उरलेली वाचवायची तर शस्त्रक्रिया लगेच करायला हवी. डोळ्यातला दाब इतका वाढला होता की इथे हात लावायला डॉक्टर तयार नव्हते. त्यांनी दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली.

दिल्ली चंबळेच्या पलीकडे आहे.

आम्ही काकांना रिक्षानं घरी आणलं. दारात आल्यावर त्यांनी चपला पश्चिमेला काढल्या आणि म्हणाले, “मी जाणार नाही.”

“अहो, मोटारीनं जाऊ या,” काकू म्हणाल्या.

“मोटारीनं गेलं तरी नदी तीच.”

“डोळे जातील!”

“जाऊ देत. आंधळा होऊन अलीकडे राहीन.”

त्या दिवसापासून टीव्हीवर काकूंची जुनी शाल पडली. संध्याकाळी किराणावाला खालून विचारायचा, “सर, आज सवारी नहीं?” आणि गॅलरीत कोणी जात नसे. मी खोलीत वर बसून खालचा आवाज ऐकायचो. काका खोलीत चालत असायचे, उत्तरेच्या कपाटापर्यंत आणि परत. दर दिवशी त्यांच्या डोळ्यातलं काहीतरी संपत होतं आणि ते परत येणारं नव्हतं. मला दुसरीही भीती होती, ती मी काकूंनाही सांगितली नाही. समजा मी त्यांना तयार केलं, नेलं, आणि तिथे काही झालं, तर? ज्यानं मला आवाज दिला त्याला मीच नदीपार नेऊन सोडलं, असं होईल. पांढुर्ण्याला फोन केला तर वडील म्हणाले, “बापू, पेटी उचलायची तर दोन्ही हातांनी उचलावी लागते. एका हातानं उचललेली पेटी फुटते.” एवढंच म्हणाले.

रविवारी मी काकूंना दशम्या करायला सांगितल्या. संध्याकाळी खोलीतला दिवा बंद केला, शाल तशीच राहू दिली, आणि काकांच्या शेजारी बसून बोलू लागलो. “ग्वाल्हेर स्टेशन. गाडी सुटली आहे. डावीकडे किल्ला.” काका उठून गेले नाहीत. “किल्ला मागे पडला. आता शेतं. मोहरी आहे, पिवळी. मुरैना आलं, फलाटावर गजकवाले गूळ-तिळाच्या वड्या घेऊन ओरडतायत.” मग मी थांबलो.

“पुढे?” काका म्हणाले.

“पुढचं मला दिसत नाही, काका. तुम्ही सांगा.”

काका खुर्चीत ताठ बसले. मग काका वर्गात शिकवतात तसे बोलू लागले. चंबळ विंध्यात उगम पावते. उत्तरेला वाहते, ही तिची खोड. दोन्ही काठांची माती तिनं खाल्ली, त्यातून बीहड तयार झाला, नुसत्या घळी आणि मातीचे उंचवटे. पाणी स्वच्छ. घडियाल आहेत, लांब तोंडाच्या सुसरी. मग त्यांचा आवाज बदलला.

“मी तिसरीत होतो. वडिलांच्या पोटात दुखायचं. आग्र्याला मोठा डॉक्टर होता. आजीनं त्यांच्या हातावर दही ठेवलं. मी फलाटावर उभा. ते खिडकीतून म्हणाले, येताना तुला नकाशांचं पुस्तक आणतो.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. पुस्तक आलं. दुसऱ्या माणसानं आणलं.”

काकूंना हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना वडील आग्र्याला वारले एवढंच माहीत होतं, फलाट माहीत नव्हता. त्या उठून काकांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी काकांनी हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, “सागर, दशम्या किती दिवस टिकतात ग?”

काकूंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी तिकिटं काढायला पळालो.

निघताना काकूंनी दह्याची वाटी आणली. काकांनी हात मागे घेतला. इतके दिवस स्वित्झर्लंडला जाताना खाल्लेलं दही त्यांना आज नको होतं. काकूंनी ते दही स्वतःच खाल्लं. “मीच चालले आहे म्हणा मग. तुम्ही माझ्यासोबत या.”

गाडीत काका खिडकीशी बसले, डोळे घट्ट मिटून. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. “बोलत राहा.” मी किल्ला सांगितला, मोहरी सांगितली, गजक घेतली. मुरैना गेलं. जमीन फाटू लागली. मातीचे सुळके, मध्ये खोल घळी, बाभळी, कुठे पायवाट खाली उतरून नाहीशी झालेली. टीव्हीपुढे बसून मी असलं हजारदा सांगितलं असेल. इथे काकांची बोटं माझ्या मनगटात रुतत होती आणि प्रत्येक घळीबरोबर माझा आवाज बारीक होत होता. गाडी पुलावर चढली. चाकांचा आवाज एकदम पोकळ झाला, खाली काहीच नसल्यासारखा. काकांचा श्वास थांबला. मी तोंड उघडलं आणि हवा आली फक्त. पहिल्या वर्षी यायची तशी.

तेव्हा काकू बोलल्या. त्या कधीच निवेदन करत नसत.

“वाळूच वाळू आहे हो. मधे पाणी. निळं आहे, पण केवढंसं! एवढ्याशा पाण्याला घाबरून तुम्ही मला ताजमहाल दाखवला नाहीत?”

काकांच्या घशातून एक आवाज निघाला. हसू होतं की हुंदका, कळलं नाही. चाकांचा आवाज पुन्हा भरीव झाला.

“संपली?”

“संपली,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले, पण मागे वळून पाहिलं नाही.

दिल्लीत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि काकू डब्याचं झाकण लावत-उघडत होत्या. पट्टी काढली तेव्हा काका म्हणाले, “गोल दिसतंय. भगुण्याच्या तोंडाएवढं. कडेला सगळा बोगदा. पण समोरचं स्वच्छ आहे.” मग त्यांनी मान वळवून तो गोल काकूंवर आणला. “सागर! तुझे केस पांढरे झाले!”

“आणि तुमचे काय काळे आहेत?”

परत येताना पुलावर त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मी बोललो, ते ऐकत राहिले. घरी आल्यावर शाल निघाली आणि गाड्या सुरू झाल्या. खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ सरकली, एवढाच फरक.

डावा डोळा राहिला होता. तो जास्त बिघडलेला. डॉक्टरांनी बोलावलं त्याच सुमारास माझी नेमणूक आसामच्या डोंगराळ भागातल्या एका शाळेत झाली. इथे मी भूगोल शिकवतो. नवी नोकरी आहे, इतक्यात सुटी मिळत नाही, मी दोनदा मागितली. काकूंचा फोन आला, “हे म्हणून राहिलेत की पांढुर्णा नाही तर जाणार नाही.” फोनवरून बोलू का, असं विचारलं. पण बीहडात आवाज तुटतो, आणि तुटलेल्या आवाजाची कल्पनासुद्धा मला सहन होईना. म्हणून मी पत्र लिहिलं. जाड पेननं, मोठ्या अक्षरात, काकूंना हलत्या गाडीत वाचता यावं म्हणून, आणि पाकिटावर लिहिलं, ‘गाडी सुटल्यावर फोडा’. ते पोचल्याचं त्यांनी कळवलं. काका ‘बघू’ म्हणाले, एवढंच. गाडी उद्या सकाळची आहे. ते तिच्यात बसतील का, बसले तर दुसरा डोळा राहील का, मला काही माहीत नाही. मी या डोंगरात बसून आहे. पाठवलं ते पत्र असं:

तीर्थरूप काका आणि काकू यांना साष्टांग नमस्कार.

काका, हे पत्र गाडीतच ऐकायचं. काकू, पाकीट गाडी सुटल्यावरच फोडलं असेल, आता मोठ्यानं वाचा. समोरच्या बाकावरची माणसं ऐकतील. ऐकू देत.

गाडी सुटली. डावीकडे किल्ला आहे. काका, या खेपेला एक डोळा उघडा ठेवा. किल्ला मोठा आहे, तुमच्या गोलात एका वेळी मावणार नाही, म्हणून हळूहळू दक्षिणेकडून उत्तरेकडे बघा. एवढ्यात संपायचा नाही तो.

आता शेतं. काय पेरलंय ते मला इथून दिसत नाही. ते तुम्ही काकूंना सांगा. काकू, ते सांगेपर्यंत पुढे वाचू नका.

माझ्या शाळेच्या वरच्या अंगाला रेल्वेचा बोगदा आहे. गाडी आत शिरली की वर्गात दिव्याचं बटण दाबायला माझा हात आपोआप जातो. मुलं विचारतात, सर, काय झालं? मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं आहे. आता बोगदा आला की तीच ओरडतात, दिवा! माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. तो तुमचा आहे.

मुरैना आलं. गजक घ्या. काकूंना तिळाची आवडते, तुम्ही नेहमी शेंगदाण्याची घेता.

आता बीहड. माती, घळ, बाभूळ, माती. काका, मलाही भीती वाटते आहे. मागच्या वेळी पुलावर माझा आवाज गेला होता, तुम्हाला कळलंच असेल. मी तिथे नाही म्हणून काही बिघडणार नाही. नदी ओलांडून गेलेलं माणूस परत येतं. तुम्ही स्वतःच एकदा आला आहात.

चाकांचा आवाज बदलला असेल. पूल आला.

काकू, आता पत्र खाली ठेवा. पुढे मी काही लिहिलेलं नाही. त्यांना बघू द्या.

तुमचा,
पांढुर्णा